कोणालाच नको असलेली प्रार्थना

३ सप्टेंबर १९१४ रोजी रोममध्ये नवा पोप निवडला गेला आणि लगेच एक अडचण उभी राहिली. रिवाजाप्रमाणे शिंप्यांनी लहान, मध्यम आणि मोठ्या मापाचे पांढरे झगे तयार ठेवले होते. निवडून आलेल्या जिआकोमो देल्ला किएसा यांना त्यांतला सगळ्यांत लहान झगाही ढगळ झाला. ठेंगणे, किरकोळ अंगाचे हे बोलोन्याचे आर्चबिशप कार्डिनल होऊन साडेतीन महिनेही झाले नव्हते. त्यांनी नाव घेतले पंधरावे बेनेडिक्ट. राज्यारोहणाचा सोहळा सेंट पीटर्सच्या भव्य मंदिरात न करता सिस्टीन चॅपेलमध्येच उरकला, कारण बाहेर युद्ध पेटून महिना झाला होता.

ज्या कार्डिनलांनी त्यांना निवडले ते एकमेकांशी लढणाऱ्या देशांतून आलेले होते. बेल्जियमचे कार्डिनल मर्सिए रोमच्या वाटेवर असताना जर्मन फौजेने त्यांच्या देशातल्या लूव्हां विद्यापीठाचे ग्रंथालय जाळले. अशा वेळी कलोनचे जर्मन कार्डिनल हार्टमान समोर आले आणि म्हणाले, आपण युद्धाविषयी बोलणार नाही अशी आशा आहे. त्यावर मर्सिए म्हणाले, आणि आपण शांततेविषयीही बोलणार नाही अशी मला आशा आहे. ही आख्यायिका आहे. ती सांगणारे प्रत्यक्ष तिथे होते असे नाही. पण पुढल्या चार वर्षांत ख्रिस्ती युरोपात जे घडले ते या दोन वाक्यांत आधीच येऊन गेले आहे. युद्धाबद्दल बोलणे अवघड होतेच, शांततेबद्दल बोलणे त्याहून अवघड होते.

कारण प्रार्थनेची टंचाई नव्हती. पॅरिसपासून पेट्रोग्राडपर्यंत देवळे भरलेली होती. प्रशियन शिपायाच्या कमरपट्ट्याच्या पितळी बक्कलवर ‘देव आमच्या बाजूला’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले होते. रशियन पलटणी पवित्र चित्रे पुढे धरून निघत. ब्रिटनमध्ये ३ जानेवारी १९१५ हा रविवार देशभर प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळायचे ठरले. वादी आणि प्रतिवादी दोघेही एकाच न्यायाधीशाला, एकाच ग्रंथातले दाखले देऊन, आपल्या बाजूने निकाल मागत होते. मागणे होते ते विजयाचे. शांतता हवी होती, पण ती विजयानंतरची.

बेनेडिक्टना मात्र ती आधी हवी होती. ७ डिसेंबरला त्यांनी युद्ध करणाऱ्या सरकारांना आवाहन केले: निदान नाताळच्या दिवसांत तोफा थांबवा. त्यांची मागणी तहाची नव्हती, सीमा कुठे असाव्यात हेही त्यांनी सांगितले नव्हते. येशूच्या जन्माच्या रात्री देवदूतांनी पृथ्वीवर शांतीची घोषणा केली, असे ज्या चर्चमध्ये दरवर्षी वाचले जाते, त्या चर्चच्या प्रमुखाने थोड्या दिवसांची उसंत मागितली. इतके साधे मागणे धुडकावून लावायला कारणेही साधीच पुरली. बर्लिनने सांगितले, इतर सगळे तयार असतील तर आमची हरकत नाही. रशियाचा नाताळ जुन्या पंचांगाप्रमाणे ७ जानेवारीला. मग २५ डिसेंबरला आम्ही का थांबावे, हा त्यांचा सवाल. फ्रान्सच्या भूमीवर शत्रू बसलेला होता आणि उसंत मिळाली तर तो खंदक आणखी खोल करील, ही भीती सेनापतींना होती. प्रत्येक कारण सुटे घेतले तर रास्त वाटते. २४ डिसेंबरला नाताळच्या शुभेच्छा द्यायला आलेल्या कार्डिनलांना पोपना सांगावे लागले की आपला प्रयत्न फसला.

पोपच्या बाजूने लिहिताना मर्सिए यांना खलनायक करणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. त्याच नाताळाला त्यांनी आपल्या लोकांसाठी एक पत्र लिहिले. ते नव्या वर्षाच्या सुरुवातीला बेल्जियमच्या चर्चमधून वाचले जायचे होते. त्यात जळालेली गावे होती, मारल्या गेलेल्या धर्मगुरूंची नावे होती आणि परकीय फौजेची सत्ता कायदेशीर सत्ता नव्हे, असे स्पष्ट सांगितलेले होते. जर्मनांनी प्रती जप्त केल्या, ते छापणाऱ्यांना आणि वाचणाऱ्या धर्मगुरूंना धरले, खुद्द कार्डिनलांवर पहारा बसवला. ज्याच्या घरात चोर शिरून बसला आहे त्याला ‘आता भांडू नका’ असे सांगणारा माणूस चोराच्या सोयीचे बोलत असतो, हा मर्सिए यांचा मुद्दा बेनेडिक्टना कधीच पूर्णपणे खोडता आला नाही. बेल्जियमवरच्या अन्यायाचा त्यांनी पुढे निषेध केला, पण जपून, तोलून. आणि बेल्जियन लोकांना तो तोल खुपला.

त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये एक वेगळे पत्र लिहिले जात होते. एमिली हॉबहाउस हे नाव ब्रिटिश सरकारला नवे नव्हते. बोअर युद्धात इंग्रजांनी दक्षिण आफ्रिकेत बायका-मुलांना ज्या छावण्यांत कोंडले होते, तिथले हाल या बाईंनीच १९०१ मध्ये उजेडात आणले होते. आता त्यांनी जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या स्त्रियांना नाताळचे खुले पत्र लिहिले आणि त्यावर १०१ ब्रिटिश स्त्रियांनी सह्या केल्या. मतदानाच्या हक्कासाठी झगडणाऱ्या स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय मासिकात ते जानेवारी १९१५ मध्ये छापले गेले. मार्चमध्ये पलीकडून १५५ सह्यांचे उत्तर आले. शत्रुराष्ट्राशी पत्रव्यवहार करणाऱ्या या बायकांची भरपूर टिंगल झाली. एप्रिलच्या अखेरीस हेगमध्ये भरलेल्या स्त्रियांच्या शांतता परिषदेला जायला निघालेल्या बहुतेक ब्रिटिश स्त्रियांना तर बोटच मिळाली नाही.

म्हणजे २४ डिसेंबरच्या संध्याकाळी शांततेचा हिशेब असा होता: पोपचा प्रयत्न फसलेला, कार्डिनल पहाऱ्याच्या वाटेवर, बायकांचे पत्र अजून छापायचे. मग जे घडले ते कोणीच योजले नव्हते.

ईप्रची पहिली लढाई नोव्हेंबरच्या उत्तरार्धात संपली तेव्हा दोन्ही फौजा थकून जमिनीत शिरल्या होत्या. स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून उत्तर समुद्रापर्यंत खंदकांची रेघ आखली गेली. फ्लँडर्सच्या सखल मातीत दोन फूट खणले की पाणी लागते. डिसेंबरभर पाऊस पडला आणि खंदकांचे ओढे झाले. शिपाई गुडघाभर, कुठे कमरेएवढ्या पाण्यात उभे. समोरचा जर्मनही तसाच उभा, काही ठिकाणी शंभर पावलांवर. बादलीने पाणी उपसण्याचा आवाज इकडून तिकडे ऐकू जात होता. अशा शेजारातून एक अलिखित समजूत तयार होत होती: नाश्त्याच्या वेळी, रात्री शिधा आणायला माणसे जातात तेव्हा, गोळी झाडायची नाही. वरिष्ठांना याची कुणकुण लागलेली होती. ब्रिटिश दुसऱ्या कोअरचे प्रमुख जनरल स्मिथ-डोरियन यांनी ५ डिसेंबरलाच ताकीद काढली की शत्रूशी सलगी आणि परस्पर ठरवलेली युद्धबंदी अजिबात चालणार नाही. माणूस शत्रूच्या जवळ राहू लागला की ‘जगा आणि जगू द्या’ ही वृत्ती बळावते आणि लढण्याची उमेद जाते, ही त्यांची काळजी. त्यांना आपली माणसे चांगली कळत होती.

त्यात सणाची पार्सले येऊन पडली. सतरा वर्षांच्या प्रिन्सेस मेरीच्या नावाने ऑक्टोबरमध्ये निधी उभा राहिला होता. त्यातून प्रत्येक ब्रिटिश शिपायाला पितळेची छोटी डबी मिळाली. तीत तंबाखू, सिगारेटी, पाइप आणि एक कार्ड. कार्डावर आनंदी नाताळाच्या आणि विजयी नववर्षाच्या शुभेच्छा होत्या. ‘विजयी’ हा शब्द तिथे कोणालाही खटकला नसावा. हिंदी फौजेसाठी डबीचा वेगळा विचार केलेला होता, आणि त्या काळच्या लष्करी कारकुनीचा तो मजेदार नमुना आहे. गुरख्यांना गोऱ्यांसारखीच भेट. शिखांना तंबाखू निषिद्ध, म्हणून खडीसाखर आणि मसाल्याची डबी. बाकीच्या हिंदी शिपायांना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाला. भिश्त्यांना मसाला आणि कार्ड. फ्रान्सच्या चिखलात मसाल्याची डबी उघडली असेल तेव्हा त्या वासाने कोणाला काय आठवले, हे कोणत्याही रोजनिशीत नोंदलेले नाही. जर्मन बाजूलाही चिरूट, सॉसेज आणि छोटी छोटी नाताळची झाडे येऊन पोचली होती. जर्मनांना नाताळ झाडाशिवाय सुचत नाही. खंदकातही सुचला नाही.

२४ तारखेला पाऊस थांबला आणि कडक थंडी पडली. चिखल गोठून जमीन टणक झाली. अंधार पडल्यावर जर्मन खंदकांच्या कडेला एकेक करून मेणबत्त्या लावलेली झाडे दिसू लागली. ब्रिटिश पहारेकऱ्यांना आधी वाटले, ही काहीतरी चाल आहे. मग गाणे सुरू झाले. लंडन रायफल ब्रिगेडचा ग्रॅहम विल्यम्स नावाचा शिपाई त्या रात्री पहाऱ्यावर होता. त्याने सांगितलेली हकिकत अशी: जर्मनांनी ‘श्टिल्लं नाख्ट’ म्हटले, त्याला इंग्रजांनी आपल्या एका नाताळगीताने उत्तर दिले, मग त्यांनी एक म्हटले, यांनी एक, आणि शेवटी इंग्रजांनी ‘ओ कम ऑल ये फेथफुल’ धरले तेव्हा पलीकडून तीच चाल लॅटिन शब्दांत उमटली. ते गीत दोघांचेही नव्हते आणि दोघांचेही होते. राष्ट्रांच्या आजच्या सीमा पडण्यापूर्वीच्या लॅटिन चर्चचे ते होते.

‘श्टिल्लं नाख्ट’ हे गीतही युद्धाच्या सावलीतलेच. साल्झबुर्ग परिसरातला तरुण धर्मगुरू योझेफ मोर याने ते १८१६ मध्ये लिहिले, नेपोलियनची युद्धे नुकतीच संपलेली असताना. १८१८च्या नाताळच्या आदल्या रात्री ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये फ्रान्झ ग्रूबरच्या चालीवर आणि गिटारीच्या साथीने ते पहिल्यांदा गायले गेले. शंभर वर्षांच्या आत ते सगळ्या युरोपाचे झाले होते. त्या रात्री बर्लिनच्या राजऑपेरातला गायक वाल्टर किर्खहोफ आघाडीवर एका व्यूर्टेम्बर्गी पलटणीसमोर गायला. समोरच्या खंदकातून फ्रेंच शिपायांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसे वर आली. आधी एक, हात वर करून, मग दोन, मग सगळेच. कोणी आधी पाऊल टाकले याबद्दल प्रत्येक पलटणीची वेगळी हकिकत आहे, आणि बहुतेक हकिकतींत तो जर्मन आहे. पण बाहेर आल्यावर पहिले काम काय केले याबद्दल बहुतेक पत्रांचे एकमत आहे. त्यांनी प्रेते पुरली. दोन्ही तारांच्या मध्ये आठवड्याभरापूर्वीच्या फसलेल्या हल्ल्यांतले मुडदे तसेच पडलेले होते. त्यांना उचलायला जाणे म्हणजे आपला मुडदा त्यात घालणे. या युद्धबंदीच्या गोष्टीत फुटबॉलला फार जागा मिळते, कबरींना कमी. फ्लरबे गावाजवळ गॉर्डन हायलँडर्सच्या सहाव्या पलटणीने आणि समोरच्या जर्मनांनी मिळून कबरी खणल्या. पलटणीचे पाद्री एस्लेमाँट अ‍ॅडम्स यांनी तेविसावे स्तोत्र इंग्रजीत वाचले, धर्मशास्त्र शिकणाऱ्या एका जर्मन विद्यार्थ्याने तेच जर्मनमध्ये. आपल्याकडे अहमदनगर-जालन्याच्या चर्चमध्येही अंत्यविधीला हेच स्तोत्र वाचतात. मृत्यूच्या छायेतल्या दरीतून जाणाऱ्याला धीर देणारे. एका रांगेत स्कॉट, दुसऱ्या रांगेत जर्मन, टोप्या काढून. पोपने सरकारांकडे जे मागितले होते ते इथे एका प्रेस्बिटेरियन पाद्र्याने आणि एका जर्मन पोराने, कोणालाही न विचारता, काही तासांपुरते करून टाकले.

मग गप्पा. हे शक्य झाले कारण कितीतरी जर्मनांना इंग्रजी येत होते. युद्धाआधी ते लंडनमध्ये वेटर, न्हावी, कारकून म्हणून राहिलेले. स्कॉट्स गार्ड्सचा कॅप्टन सर एडवर्ड हल्स याने आईला लिहिलेल्या लांबलचक पत्रात असा एक जर्मन भेटतो. तो म्हणाला, माझी मैत्रीण सफोकमध्ये आहे आणि माझी साडेतीन हॉर्सपॉवरची मोटारसायकलही तिथेच राहिली आहे. त्याने मैत्रिणीसाठी कार्ड लिहून दिले आणि हल्सने ते पाठवण्याचे कबूल केले. पुढे व्यंगचित्रकार म्हणून गाजलेल्या ब्रूस बेर्न्सफादरने बटणांची अदलाबदल केली आणि आपल्या मशीनगनवाल्याला, जो घरी हौशी न्हावी होता, एका मुकाट बसलेल्या जर्मनाचे केस कापताना पाहिले. फ्रेलँगियां गावाजवळ जर्मनांनी बिअरची पिंपे गडगडत आणून दिली. रॉयल वेल्श फ्युजिलिअर्सचा कॅप्टन स्टॉकवेल याने बदल्यात नाताळची पुडिंगे दिली. फुटबॉलही खेळला गेला, पण बावीस खेळाडू, पंच आणि शिट्टी असा सामना डोळ्यांपुढे आणू नये. गोठलेल्या, खड्ड्याखड्ड्यांच्या शेतात बूट घातलेल्या माणसांची ती धावपळ होती. एका सॅक्सन अधिकाऱ्याने नंतर ३-२ असा आपला विजय सांगितला, आणि तो आकडा इतका आवडला की आता पुसता येत नाही.

या गोष्टीत हिंदी शिपाई आहेत, हे आपल्याकडे क्वचित सांगितले जाते. हिंदी कोअर ऑक्टोबरपासून याच भागात लढत होती. खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्यांनी ४७व्या शीख पलटणीबरोबर २८ ऑक्टोबरला नव शापेल गावात घुसून घराघरांतून संगिनीची लढाई केली होती. त्या एका दिवसात कंपन्यांचे बहुतेक सगळे अधिकारी ठार किंवा जखमी झाले. पुण्याच्या छावणीतून गेलेली ही माणसे. खंदक खणणे, तारा लावणे, पूल बांधणे हे त्यांचे काम, आणि लढावे लागले पायदळासारखे. डिसेंबरच्या विसाव्या-एकविसाव्या तारखांना जिव्हाँशीला जर्मनांनी हिंदी कोअरला जबर मार दिला आणि नाताळच्या तोंडावर तिच्या बहुतेक पलटणी मागे घेतल्या गेल्या. ३९वे गढवाल रायफल्स मात्र अजून पुढे होते. महिन्यापूर्वी, २३-२४ नोव्हेंबरच्या रात्री फेस्टुबेरला, याच गढवाल्यांतल्या नाईक दरवान सिंग नेगी यांनी डोक्याला आणि हाताला जखमा झाल्या असताना खंदक परत मिळवून व्हिक्टोरिया क्रॉस कमावला होता. नाताळच्या दिवशी गढवाली शिपाईही तारांपलीकडच्या जर्मनांना भेटले, तंबाखू आणि खाऊ घेतला-दिला. सण त्यांचा नव्हता, युद्धही त्यांचे नव्हते. मात्र सणाला शेजारी दारात आला तर काय करायचे, हे डोंगरातल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

सगळीकडे असे झाले नाही. युद्धबंदी मुख्यतः ईप्रच्या दक्षिणेकडच्या ब्रिटिश भागात होती. फ्रेंच आणि बेल्जियन खंदकांत ती कमी आणि घाईची, कारण उघड आहे. त्यांच्या शेतात, त्यांच्या आजोबांच्या घरात समोरचा बसला होता. ब्रिटिश भागातही अनेक ठिकाणी २५ तारखेला गोळीबार चालू होता आणि माणसे मरत होती. काही जण तर हात हलवत वर येताना मारले गेले.

संपलीही ती वेगवेगळी. स्टॉकवेलची हकिकत सगळ्यांत नेटकी आहे. २६ तारखेला सकाळी साडेआठला त्याने हवेत तीन गोळ्या झाडल्या आणि नाताळच्या शुभेच्छा लिहिलेला बावटा उभारला. समोर आभाराचा फलक वर आला, जर्मन कॅप्टन खंदकाच्या कडेवर उभा राहिला, दोघांनी वाकून सलाम केला, आपापल्या खंदकात उतरले. जर्मनाने दोन गोळ्या हवेत झाडल्या आणि युद्ध पुन्हा सुरू झाले. काही ठिकाणी ही शांतता नव्या वर्षापर्यंत रेंगाळली. स्मिथ-डोरियन भडकले, पलटणींची नावे मागवली. जर्मन मुख्यालयाने २९ डिसेंबरला अशा सलगीला बंदी घातली. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी मात्र शिपायांची पत्रे छापली, आणि ८ जानेवारीला ‘डेली मिरर’ने पहिल्या पानावर ब्रिटिश आणि जर्मन शिपाई एकत्र उभे असल्याचे छायाचित्र दिले. जर्मनीत फारसे काही छापू दिले गेले नाही, फ्रान्समध्ये त्याहून कमी.

ही शांततेच्या प्रार्थनेला मिळालेली पावती होती का? मला तसे वाटत नाही. पत्रे वाचली की दिसते, त्या शिपायांनी युद्ध नाकारले नव्हते. काहींनी भेटीच्या निमित्ताने समोरच्या तारांची मांडणी पाहून घेतली आणि तसे घरीही कळवले. त्यांनी नाकारले ते नाताळच्या दिवशी लढणे. पण एवढे मान्य केल्यावरही एक गोष्ट उरते, आणि सेनापतींना ती आपल्यापेक्षा लवकर उमगली होती. शत्रू राक्षस आहे हे सांगत राहावे लागते. एका दुपारी त्याच्याकडून चिरूट घेतला, त्याची मैत्रीण कुठे राहते हे कळले, की ते सांगणे कठीण होते. कठीण, अशक्य नव्हे. १० मार्च १९१५ रोजी नव शापेलची मोठी लढाई सुरू झाली. गढवाल रायफल्सचे गबर सिंग नेगी पहिल्याच दिवशी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन दिवसांनी त्याच लढाईत एडवर्ड हल्स मारला गेला.

पोपकडे वळतो, कारण त्यांची गोष्ट डिसेंबरमध्ये संपत नाही. ७ डिसेंबरचे आवाहन वाया गेल्यावर या हट्टी माणसाने वर्षाच्या शेवटच्या दिवशी राष्ट्रप्रमुखांना नव्या तारा केल्या. या वेळी मागणे लहान होते: पुन्हा लढू शकणार नाहीत असे अपंग, जखमी कैदी एकमेकांना परत द्या. आणि हे मान्य झाले. तोफा थांबवायला कोणी तयार नव्हते, पण ज्याच्या हातून तोफ पुन्हा चालणार नाही त्याला सोडायला हरकत नव्हती. पुढे व्हॅटिकनमध्ये युद्धकैद्यांसाठी एक कचेरीच उघडली गेली. युद्ध संपेपर्यंत तिने सुमारे ६ लाख पत्रे हाताळली. अमुक शिपाई जिवंत आहे का, तमुक कुठल्या छावणीत आहे. प्रार्थनेपेक्षा या कारकुनीने किती घरांना उत्तर दिले असेल, याचा अंदाज येतो.

प्रार्थनेचे काय झाले? जानेवारीत बेनेडिक्टनी स्वतः शांततेसाठी प्रार्थना लिहिली आणि ७ फेब्रुवारी १९१५ रोजी ती युरोपभरच्या कॅथलिक चर्चमध्ये म्हणावी असे फर्मावले. फ्रेंच पोलिसांनी तिच्या प्रती जप्त केल्या. लढणाऱ्या देशात शांतता मागणे म्हणजे लोकांचे मनोधैर्य खच्ची करणे! पॅरिसचे कार्डिनल आमेत यांनी तोडगा काढला: पोपना अभिप्रेत असलेली शांतता म्हणजे न्याय्य शांतता, आणि न्याय्य शांतता म्हणजे अर्थातच फ्रान्सच्या विजयाची. मग प्रार्थना म्हणू दिली गेली. एप्रिलमध्ये लंडनला इटलीशी जो गुप्त करार झाला त्याच्या पंधराव्या कलमात, युद्धानंतरच्या वाटाघाटींत पोपला बसू द्यायचे नाही, असे इटलीने लिहून घेतले. वर्षअखेरीस लंडनचे बिशप विनिंग्टन-इनग्रॅम आगमनकाळाच्या प्रवचनात जर्मनांना ठार मारणे हे जग वाचवण्याचे कर्तव्य म्हणून सांगत होते.

१९१५च्या नाताळाला खंदकांत भेटीगाठी होऊ नयेत म्हणून आधीच कडक हुकूम निघाले. स्कॉट्स गार्ड्सचा कॅप्टन सर इयान कोहून याने तरीही प्रेते पुरण्यासाठी थोडी उसंत दिली आणि माणसे मिसळली. त्याच्यावर लष्करी खटला झाला. पंतप्रधान आस्क्विथ यांच्या पत्नीची भाची त्याची बायको. पंतप्रधानांचा मुलगा रेमंड त्याचा वकील. ताकीद मिळाली आणि सरसेनापती हेग यांनी तीही माफ केली. साध्या घरच्या माणसाचे काय झाले असते, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला असेल.

आणि त्याच वर्षी, १९१५च्या २४ डिसेंबरला, हजारो मैल पूर्वेला, तिग्रिस नदीच्या वळणावर कूत-अल-अमारामध्ये मराठा पलटणी वेढ्यात अडकल्या होत्या. १०३वी, ११०वी आणि ११७वी, तिन्ही तिथे. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची माणसे. त्या दिवशी तुर्की तोफांनी कूतच्या मातीच्या किल्ल्याची भिंत फोडली आणि फौज भगदाडातून आत घुसली. किल्ल्यात १०३वी मराठा, ११९वी पायदळ पलटण आणि ऑक्सफर्डशायरचे गोरे शिपाई होते. हातबॉम्ब आणि संगिनींनी रात्र गेली. २५ तारखेच्या पहाटे हल्ला मोडला. खाली भिडलेले बहुतेक लोक मुसलमान आणि हिंदू. वर मात्र आत ब्रिटिश जनरल टाउनशेंड, आणि बाहेरच्या तुर्की सहाव्या सैन्याच्या शिरावर बहात्तर वर्षांचा प्रशियन फॉन डेर गोल्ट्झ. मेणबत्त्या, झाडे, स्तोत्र यांतले काही तिथे नव्हते, आणि शत्रूला ‘आज आपला सण’ म्हणून हाक मारायला समान भाषाही नव्हती. तुर्कांनी नंतर किल्ल्यावर पुन्हा तसा हल्ला केला नाही, उपाशी ठेवून काम भागेल हे त्यांनी हेरले. २९ एप्रिल १९१६ रोजी तेरा हजारांच्या आसपास लोक कैद झाले आणि वाळवंटातून अनातोलियाकडे चालवले गेले. त्यांतले हजारो परत आले नाहीत.

१ ऑगस्ट १९१७ रोजी बेनेडिक्टनी शेवटचा मोठा प्रयत्न केला. या वेळी नुसती प्रार्थना नव्हती, मुद्दे होते: शस्त्रकपात, लवादाने निवाडा, समुद्र सर्वांना खुला, बेल्जियम मोकळा, खंडणी कोणाकडूनच नाही. युद्धाला त्यांनी ‘निरर्थक कत्तल’ म्हटले आणि हाच शब्द सेनापतींना सर्वाधिक झोंबला. फ्रान्समध्ये क्लेमान्सो त्यांना जर्मनांचा पोप म्हणत, जर्मनीत लुडेनडॉर्फ फ्रेंचांचा पोप म्हणत. दोन्ही बाजूंनी शिव्या मिळाल्या म्हणजे माणूस बरोबरच असतो असे नाही. पण निदान तो कोणाच्या खिशात नव्हता, एवढे यातून दिसते. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी ऑगस्टअखेर नकार कळवला आणि सुमारे साडेचार महिन्यांनी आपले चौदा मुद्दे मांडले, त्यांतले बरेचसे ओळखीचे होते.

पॅरिसच्या तहाच्या बैठकीत पोपला खुर्ची नव्हती. लंडनचे पंधरावे कलम पाळले गेले. युद्ध थांबल्यावरही जर्मनीची नाकेबंदी जुलै १९१९ पर्यंत चालू होती आणि व्हिएन्नाची पोरे भुकेने वाळत होती. इंग्लंडमध्ये शत्रूच्या मुलांसाठी पैसे मागणारी संस्था काढल्याबद्दल एग्लंटाइन जेब यांच्यावर चिखलफेक चालली होती. ती संस्था म्हणजे ‘सेव्ह द चिल्ड्रन’. या प्रॉटेस्टंट बाई रोमला जाऊन पोपना भेटल्या. बेनेडिक्टनी नोव्हेंबर १९१९ मध्ये जगभरच्या कॅथलिक चर्चना कळवले की नाताळनंतर तिसऱ्या दिवशी, २८ डिसेंबरला, मध्य युरोपातल्या उपाशी मुलांसाठी वर्गणी गोळा करावी. हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांचा तो स्मृतिदिन. पुढल्या वर्षीही त्यांनी हीच हाक दिली.

डिसेंबर १९२१ मध्ये इस्तंबूलच्या सेंट एस्प्री चर्चच्या आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला. वर्गणी देणाऱ्यांत सुलतान होते, मुसलमान होते, ज्यू आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. राष्ट्र आणि धर्म न पाहता सर्वांचा उपकारकर्ता, असा त्यावरचा लेख. जिवंत पोपचा पुतळा मुस्लिम राजधानीत, आणि तोही ज्या साम्राज्याशी अनेक ख्रिस्ती राष्ट्रे लढली त्याच्या राजधानीत. दीड महिन्याने, २२ जानेवारी १९२२ रोजी, बेनेडिक्ट न्यूमोनियाने वारले. कैदी, निर्वासित आणि मुले यांच्यावर त्यांनी सुमारे ८ कोटी २० लाख लिरा खर्च केले होते. नवा पोप निवडायला कार्डिनल जमणार होते, तिजोरी रिकामी होती, आणि त्या बैठकीच्या खर्चासाठी कर्ज काढावे लागले.